डमी आली, पण विचार? सिम्युलेशनबद्दल एका ट्यूटरच्या प्रश्नाला उत्तर

नवी मुंबईतल्या एका नर्सिंग कॉलेजातल्या ट्यूटरचा प्रश्न थोडक्यात असा: "कॉलेजने सरावासाठी महागडी डमी (पेशंटचा पुतळा) घेतली. तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी कॅथेटर, सक्शन, आयव्ही सगळं चेकलिस्टप्रमाणे बिनचूक करतात. पण वॉर्डात पेशंट बिघडायला लागला की चार्ट भरतात आणि आमच्या तोंडाकडे बघत उभे राहतात. सिम्युलेशनने (खोटा प्रसंग उभा करून घेतलेल्या सरावाने) क्लिनिकल रिझनिंग (पेशंटबद्दल विचार करून निर्णयापर्यंत पोहोचणं) येतं म्हणतात, मग आमच्याकडे ते का येत नाही?"

तुम्ही सांगताय ती प्रोसिजरची तालीम आहे. ती हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण चेकलिस्टमध्ये पुढची पायरी आधीच छापलेली असते. कॅथेटर घालायचं हे ठरलेलंच आहे, फक्त नीट घालायचं. वॉर्डात सकाळी साडेदहाला जो पेशंट बिघडतो, त्याच्या उशाशी अशी चेकलिस्ट नसते. काहीतरी बदललंय हे आधी कुणाला तरी जाणवावं लागतं. तुमच्या लॅबमध्ये हे जाणवून घ्यायची वेळच कुणावर येत नाही, कारण प्रसंग सुरू होण्याआधी पाटीवर लिहिलेलं असतं: 'आज कॅथेटरायझेशन'.

नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ साली मांडलेला क्लिनिकल जजमेंटचा (पेशंटबद्दलच्या निर्णयाचा) आराखडा शिकवायला मला सगळ्यात सोयीचा वाटतो. त्यात चारच गोष्टी आहेत: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. ट्रेसी लेव्हेट-जोन्स आणि सहकाऱ्यांचं क्लिनिकल रिझनिंगचं आठ टप्प्यांचं चक्रही चांगलं आहे, पण ते लेखी केससाठी ठेवा. लॅबमध्ये आठ टप्पे दिले की आपली मुलं नर्सिंग प्रोसेससारखे ते पाठ करून म्हणतात आणि पेशंट बाजूलाच राहतो. माझ्या मते आपल्याकडचे बहुतेक विद्यार्थी टॅनरच्या पहिल्याच पायरीवर अडकलेले असतात. टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चार्ट भरणं म्हणजे काम झालं, हे पहिल्या वर्षापासून अंगात इतकं मुरलेलं असतं की आकडा लिहून झाला की तो डोक्यातून जातो.

म्हणून प्रसंग असा बांधायचा की नुसता आकडा लिहून चालणार नाही. एक पूर्ण प्रसंग देते, तसाच वापरा.

ठाणे-नवी मुंबईत पावसाळा सुरू झाला की मेडिकल वॉर्ड तापाच्या पेशंटने भरतात, त्यामुळे डेंग्यू घेऊ. घणसोलीचा २४ वर्षांचा तरुण, सामान पोहोचवण्याचं काम करतो. तापाचा पाचवा दिवस. काल रात्रीपासून ताप नाही. सकाळी आठची नोंद: तापमान ९९, नाडी ९६, बीपी ११२/७८, श्वास २०, ऑक्सिजन ९८. आई खूश आहे, डिस्चार्ज कधी मिळेल विचारतेय. विद्यार्थ्यांना फक्त एवढं सांगायचं: "तुम्ही मॉर्निंग ड्युटीला आहात, दहा वाजलेत, हा तुमचा पेशंट." पाटीवर काही नाही. 'डेंग्यू शॉक' हे शब्द तर अजिबात नाहीत.

दहाची मोजमापं: तापमान ९८.४, नाडी ११२, बीपी १००/८०, श्वास २४, ऑक्सिजन ९८. आता बघत राहा. बहुतेक गट लिहितील: 'ताप नाही, व्हायटल्स स्टेबल.' आईला सांगतील, ताई, ताप उतरलाय, काळजी करू नका. डेंग्यूत खरी गोम इथेच आहे. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि त्याच सुमारास रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरायला लागतो. पुढचे २४ ते ४८ तास धोक्याचे. १००/८० मध्ये वरचा आकडा शंभर दिसतो म्हणून मुलांना बरं वाटतं, पण दोन आकड्यांतलं अंतर, म्हणजे पल्स प्रेशर, ३४ वरून २० वर आलंय. २० किंवा त्याहून कमी पल्स प्रेशर, गार हातपाय आणि नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त वेळ, म्हणजे शरीर शॉक (अवयवांना पुरेसं रक्त न पोहोचणं) कसाबसा सांभाळून धरतंय. बीपी धाडकन पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

बाकीची माहिती लपवून ठेवायची, आणि सगळ्या बांधणीचं मर्म यात आहे: विचारल्याशिवाय, हात लावल्याशिवाय, बघितल्याशिवाय काहीही सांगायचं नाही. हात गार आहेत हे विद्यार्थ्याने हात धरला तरच कळेल. इनटेक-आउटपुट चार्टवर लघवीची शेवटची नोंद रात्री दहाची आहे, ती चार्ट उलटला तरच दिसेल. सकाळचा रिपोर्ट केस पेपरमध्ये दुसऱ्या कागदांखाली ठेवा. प्लेटलेट ६८ हजार, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं टक्केवारी प्रमाण) ४८. दोन दिवसांपूर्वी ते ४० होतं. म्हणजे २० टक्क्यांनी वाढलं, रक्त घट्ट होतंय. पेशंटला "पोटात दुखतंय का?" असं विचारलं तर तो हो म्हणेल, पहाटेपासून दोनदा उलटी झाल्याचंही सांगेल. नाही विचारलं तर डोळे मिटून पडून राहील.

लक्ष भरकटवणारं काहीतरी घाला, कारण वॉर्डात ते असतंच. शेजारच्या बेडचा नातेवाईक सलाईन संपल्याची ओरड करतोय. पेशंटचा मामा येतो आणि एकच धोशा लावतो: "सिस्टर, प्लेटलेट किती झाल्या?" आपल्याकडे प्लेटलेटच्या आकड्याने नातेवाइकांनाच काय, विद्यार्थ्यांनाही झपाटलेलं असतं. सगळा गट प्लेटलेटवर चर्चा करत बसतो आणि हिमॅटोक्रिट त्याच कागदावर दोन ओळी वर असतं.

आणि शेवटी फोन. ही जागा चुकवू नका. विद्यार्थ्याने बदल ओळखला, गटाने डॉक्टरांना कळवायचं ठरवलं, की फोनवर तुम्ही स्वतः रेसिडेंट डॉक्टर व्हा. घाईत बोला. "प्लेटलेट किती?" "सर, ६८ हजार." "मग ठीक आहे, राउंडला बघू." आणि गप्प बसा. इथे दहातले आठ जण "ओके सर" म्हणून फोन ठेवतात (हा माझा अंदाज आहे, कुठल्या अभ्यासातला आकडा नाही). विचार बरोबर होता, फक्त तो वरच्या माणसासमोर टिकला नाही. आयएसबीएआर (ओळख, परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, मागणी या क्रमाने कळवायची पद्धत) शिकवताना पाच अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावून भागत नाही, हे बोलणं तोंडात बसावं लागतं: "सर, मला प्लेटलेटची नाही, पल्स प्रेशरची काळजी वाटतेय. ३४ वरून २० झालंय, नाडी ११२, हात गार, रात्री दहानंतर लघवी नाही, हिमॅटोक्रिट ४० वरून ४८. तुम्ही आत्ता येऊन बघावं." नेमकं मागायचं आणि आत्ता मागायचं. एनईडब्ल्यूएस-२ (मोजमापांना गुण देऊन धोका दाखवणारा स्कोअर) वापरत असाल तर तोही आधाराला घ्या. आठ वाजता या पेशंटचा स्कोअर १ होता, दहा वाजता ६ आहे, आणि ५ किंवा त्याहून जास्त झाला की तातडीने तपासणी हवी. मात्र पल्स प्रेशर त्या स्कोअरमध्ये मोजलं जात नाही, हे मुलांना दाखवून द्या. स्कोअर विचाराला मदत करतो, विचाराची जागा घेत नाही.

पुढचे दोन रस्ते आधीच ठरवून ठेवा. वेळेत कळवलं तर डॉक्टर येतात, ऑर्डरप्रमाणे क्रिस्टलॉइड (सलाईनसारखं द्रव) सुरू होतं, तासाभराने (प्रसंगात दोन मिनिटांनी) नाडी १००, बीपी १०८/७६. नाही कळवलं तर बीपी ९०/७६ आणि पेशंट गुंगीत. तिथे थांबवा. पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या प्रसंगात पेशंट मारू नये असं माझं ठाम मत आहे. मृत्यू झाला की नंतरची सगळी चर्चा रडारडीत किंवा अपराधी वाटण्यात जाते आणि १००/८० वर काय झालं हे कुणाला आठवतही नाही.

तुमच्या महागड्या डमीबद्दल आता. या प्रसंगाला ती लागतच नाही, उलट अडचण होते, कारण डमीचे हात गार होत नाहीत. एखाद्या सीनियर विद्यार्थ्याला पेशंट करा, पाच मिनिटं बर्फाच्या पाण्याची बाटली धरायला द्या. सलाईन बाहीवर चिकटपट्टीने लावा. खऱ्या माणसाला सुई टोचायची नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका. मॉनिटर म्हणून जुना टॅब चालतो, तोही नसेल तर ए-फोरच्या कागदावर मोठे आकडे. आईच्या भूमिकेला वॉर्डातल्या एखाद्या मावशींना विचारा. त्या नातेवाईक इतका हुबेहूब करतात की बाहेरचा कलाकार आणायची गरज नाही. नातेवाईक कधी, कुठल्या प्रश्नावर चिडतो हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं. १९११ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या नर्सिंग स्कूलमध्ये 'मिसेस चेस' नावाची माणसाएवढी बाहुली आणली गेली, तेव्हापासून डमी सुधारतच आलीय. पण विद्यार्थ्याला कोणती माहिती कधी मिळणार, हे ठरवणाऱ्या शिक्षकाचं काम डमी करत नाही. तुमची ती डमी हृदयाचे, फुप्फुसांचे आवाज आणि सीपीआरसाठी उत्तम आहे, तिथे वापरा.

आता डीब्रीफिंग, म्हणजे प्रसंगानंतरची चर्चा. प्रसंग पंधरा मिनिटांचा असेल तर त्यानंतरचं बोलणं निदान तीस-चाळीस मिनिटांचं हवं. बहुतेक ठिकाणी उलटं चालतं: प्रसंग लांबतो आणि शेवटी पाच मिनिटांत मॅडम चुकांची यादी वाचून दाखवतात. मग शिकणं तिथेच संपतं. मुलं यादी उतरवून घेतात.

जेनी रुडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली डीब्रीफिंगची पद्धत मी वापरते. आधी आपण काय पाहिलं ते सांगायचं, मग आपलं मत उघड सांगायचं, आणि मग खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारायचं. उदाहरणार्थ: "बीपी १००/८० आल्यावर तू चार्टवर लिहिलंस आणि शेजारच्या बेडकडे गेलीस. मला तिथे पल्स प्रेशर कमी झालेलं दिसत होतं म्हणून मी अस्वस्थ झाले. त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं?" हा प्रश्न विचारून गप्प बसायचं. दहा-पंधरा सेकंद कुणी बोलणार नाही. बसा तशाच. आपण शिक्षक शांतता सहन करू शकत नाही, स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

मग उत्तरं येतात आणि ती ऐकण्यासारखी असतात. एक मुलगी म्हणेल, "मॅडम, शंभर म्हणजे नॉर्मलच ना?" ती वरचाच आकडा बघते. तिला पल्स प्रेशर कसं काढायचं आणि त्याचा अर्थ काय, हे शिकवायला हवं. दुसरी म्हणेल, "मला जाणवलं होतं, पण बीपी मोजताना माझंच चुकलं असेल असं वाटलं." तिला ज्ञान आहे, स्वतःच्या मोजण्यावर भरवसा नाही, तिला पुन्हा मोजायची आणि मॅन्युअल कफ लावून खात्री करायची सवय लावायची. तिसरा म्हणेल, "इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या असत्या, ताप उतरलाय, कशाला फोन करतोस." त्याचा प्रश्न ना ज्ञानाचा ना हाताचा, वरच्या माणसापुढे बोलायच्या धीराचा आहे. तिघांनीही तेच केलं, चार्टवर लिहिलं आणि पुढे गेले. चेकलिस्टवर तिघांपुढे एकसारखी फुली पडली असती आणि तिघांना तेच लेक्चर पुन्हा ऐकावं लागलं असतं, जे तिघांतल्या एकीच्याच उपयोगाचं होतं. डीब्रीफिंगवर इतका वेळ घालवायचं कारण हेच.

आपल्या मुलांची एक अडचण परदेशी लेखांत सापडणार नाही, ती म्हणजे व्हायवा, तोंडी परीक्षा. शिक्षकाने 'का' विचारलं की आपण चुकलो, असं त्यांना लहानपणापासून कळलेलं असतं. ते तुमचा चेहरा वाचून उत्तर बदलतात. म्हणून टेबलामागे बसू नका, गोल करून बसा, वही-पेन बाजूला ठेवा. या तासाला गुण नाहीत हे सुरुवातीलाच सांगा आणि ते पाळा. एकदा जरी इंटर्नल असेसमेंटमध्ये याचा उल्लेख आला तर पुढच्या बॅचपर्यंत बातमी जाते. व्हिडिओ काढत असाल तर तो लॅबबाहेर जाणार नाही, कुणाच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर पडणार नाही, हे सगळ्यांकडून कबूल करून घ्या.

भाषा मोकळी सोडा. मुरबाड-शहापूरची मुलगी मराठीत, केरळची हिंदी-इंग्रजी मिसळून, जो जसा विचार करतो तसा बोलू दे. इंग्रजीतच बोला असा आग्रह धरलात की पुस्तकातली वाक्यं येतात, विचार येत नाही. नोंद आणि फोन इंग्रजीत करायला लावा, ते वॉर्डात लागतंच.

साठच्या बॅचचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचाराल. एका वेळी सहाजणच बेडपाशी: दोघं नर्स, एक फोन आणि नोंदींवर, तिघं निरीक्षक. निरीक्षकांना 'बघा' असं मोघम सांगू नका, नाहीतर ते मोबाइल बघतील. एकाने फक्त वेळ लिहायची: पेशंटला पहिला हात कधी लागला, दुसऱ्यांदा बीपी कधी घेतलं, फोन कधी केला. दुसऱ्याने नर्स मोठ्याने जे बोलतील ते शब्दशः उतरवायचं. तिसऱ्याने नातेवाइकाशी काय बोललं गेलं ते. डीब्रीफिंगला या नोंदी सोन्यासारख्या असतात. बाकीच्या बॅचसोबत तोच प्रसंग कागदावर, वर्गात करा: माहितीच्या चिठ्ठ्या तुमच्या हातात, ज्याने नेमकं विचारलं त्यालाच चिठ्ठी. खर्च शून्य, आणि विचाराचा बराच सराव यातच होतो. वेळ मात्र सकाळची ठेवा. दुपारी चारनंतर डीब्रीफिंग घेतलंत तर निम्म्या मुलांचा जीव ट्रान्स-हार्बरच्या लोकलमध्ये असतो.

डेंग्यूनंतर दुसरा प्रसंग शुगरचा घ्या. मधुमेही बाई, सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेली, सकाळचं इन्सुलिन मात्र दिलं गेलंय. अकरा वाजता घाम, चुळबुळ, चिडचिड. सून म्हणते, "तपासणीची भीती वाटतेय त्यांना." गट धीर देत बसतो. ग्लुकोमीटर लावला तरच साखर ४८, म्हणजे फारच कमी, हा आकडा दाखवायचा. बाळंतपणाच्या पोस्टिंगआधी रक्तस्रावाचा: पॅड जवळपास कोरडं, पण कुशीवर वळवलं तर कमरेखालची चादर भिजलेली. बिटाचं पाणी वापरा आणि भिजलेले कपडे वजन करून मोजायला लावा, एक ग्रॅमला साधारण एक मिली. ५०० मिलीचा अंदाज डोळ्यांनी किती चुकतो हे मुलांना तिथेच दिसतं.

मॅनेजमेंट विचारेल, पुरावा काय? अमेरिकेच्या नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंगचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगा. दहा नर्सिंग अभ्यासक्रमांतल्या विद्यार्थ्यांचे तीन गट केले: क्लिनिकल तासांतलं सिम्युलेशन एकात १० टक्क्यांपर्यंत, एकात २५, एकात ५० टक्के. शेवटी ज्ञान, कौशल्य आणि परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. पण या अभ्यासाचा हवाला देऊन वॉर्डचे तास कापायला निघाले तर विरोध करा. तिथे शिकवणाऱ्यांना डीब्रीफिंगचं खास प्रशिक्षण दिलेलं होतं. ते नसताना तास बदलले तर हातात काहीच राहत नाही. आपल्या इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. अभ्यासक्रमातही स्किल लॅब आणि सिम्युलेशनला जागा दिलीय, त्यामुळे वेळापत्रकात तास मागताना अभ्यासक्रमच पुढे करा. आणि परदेशी जाणाऱ्या मुलांचा विषय निघालाच तर एप्रिल २०२३ पासून अमेरिकेत नर्सच्या परवान्यासाठी लागणाऱ्या एनसीएलईएक्स परीक्षेत उलगडत जाणाऱ्या केसवर क्लिनिकल जजमेंटच तपासलं जातं, हे सांगा. संचालक मंडळाला हा मुद्दा लवकर कळतो.

उपयोग होतोय की नाही, हे लॅबमध्ये शोधू नका. ऑस्कीतही (स्टेशन बदलत द्यायच्या प्रात्यक्षिक परीक्षेतही) फारसं दिसणार नाही. पाच-पाच मिनिटांच्या स्टेशनमध्ये विचाराचे तुकडे होतात. लॅसाटर यांची २००७ ची रुब्रिक (मूल्यमापनाचा तक्ता) आहे, ती टॅनरच्या चार पायऱ्यांवरच बेतलेली आहे. विद्यार्थ्याशी बोलताना ती समोर ठेवा, गुणांसाठी नको. खरी खूण वॉर्डात सापडते, ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती सांगताना. 'बेड नंबर सात, व्हायटल्स स्टेबल' म्हणणारी मुलगी 'सातच्या पेशंटची नाडी आठपासून वाढतेय, बीपी दोनदा घेतलं, लघवीवर लक्ष ठेवा' असं म्हणू लागली की समजा बदल झाला. त्यासाठी वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना आधी प्रसंग दाखवा, जमलं तर एकदा निरीक्षक म्हणून बसवा. नाहीतर लॅबमध्ये शिकलेला प्रश्न वॉर्डात विचारल्यावर मुलीला पहिला ओरडा त्यांच्याकडूनच बसेल.

सुरुवात डेंग्यूपासूनच करा, जूनमध्ये, वॉर्ड भरायच्या आत. पहिल्या वेळी सहकारी ट्यूटरवर प्रसंग चालवून बघा, कारण चिठ्ठ्यांचा क्रम हमखास गडबडतो आणि हिमॅटोक्रिटचा कागद पेशंटच्या उशीखाली सापडतो. फोनवरच्या रेसिडेंटसाठी पुढे एखाद्या इंटर्नला पटवा. तुमचा आवाज मुलं दुसऱ्या प्रसंगापर्यंत ओळखायला लागतील.